पेशीलाही ठराव लागतो
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



परतफेडीचा विषय झाला. आता थोडा वेळ आपल्या शरीरासाठी मागते. विषय आहे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. नाव काढलं की आपण खाली बघतो. पण तो होतो कसा हे कळलं, तर भीती निम्मी होते.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. जखम भरते, पाळीनंतर गर्भाशयाचं अस्तर नव्यानं तयार होतं, ते एका पेशीच्या दोन होतात म्हणून. पण पेशी मनाला येईल तशी वाढत नाही. आपल्या गटात कर्ज कसं देतो? आधी मागणी, मग ठराव, मग सह्या. पेशीचंही तसंच. आधी आजूबाजूहून ‘वाढ’ असा निरोप यावा लागतो. मग तिच्यातल्या डीएनएची, म्हणजे तिच्या वहीची, नक्कल बरोबर उतरली का ते तपासलं जातं. शेवटी दोन्हीकडे वाटणी सारखी होईल का ते बघितलं जातं. चुकलं की काम थांबतं. ही शिस्त उलगडून दाखवणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स या तीन शास्त्रज्ञांना 2001 मध्ये नोबेल मिळालं.

पेशीत पी-53 नावाचं एक प्रथिन असतं. ते आपल्या कडक कोषाध्यक्ष ताईसारखं. वहीत खाडाखोड दिसली की सही नाही! आधी दुरुस्ती करा म्हणतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर ती पेशीच संपवायला लावतं.

एचपीव्ही नावाचा विषाणू नेमका याच ताईला खुर्चीवरून काढतो. तो शरीरसंबंधातून येतो, पुरुषांच्याही अंगात असतो. म्हणून कुणा बाईकडे बोट दाखवू नका. बहुतेक जणींच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं राहतो. मग चुकीच्या पेशी सह्यांशिवाय वाढत जातात. त्यांचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा 15 ते 20 वर्षं लागतात. हीच आपली मुदत आहे, आणि या मुदतीत बहुधा काहीच दुखत नाही. ‘मला त्रास नाही, मग कशाला तपासू?’ हे म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या.

सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी व्हीआयए तपासणी आहे, दर पाच वर्षांनी. सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग दिसतो का ते बघतात. डाग दिसला म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण पुढची तपासणी टाळायची नाही. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, अंगावरून घाण वासाचं पाणी जात असलं, तर मात्र तारखेची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. आणि 9 ते 14 वयाच्या लेकींच्या लशीबद्दल आशाताईला जरूर विचारा.

आता एक काम. पुढच्या बैठकीत इतिवृत्तात ठराव लिहा: गटातल्या तिशीपुढच्या सगळ्या जणी एकाच दिवशी तपासणीला जाणार. एकटीला लाज वाटते, दहा जणींना नाही. खाली सह्या करा, आणि जाऊन या.