लोकमान्यांची तालीम आणि वकिली

श्रोतेहो, बडोद्याचे नाव निघाले की श्रीमंत सयाजीराव महाराज, कलाभवन आणि प्रोफेसर माणिकरावांची व्यायामशाळा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. याच नगरीत १८९४ साली लोकमान्य टिळक एका मित्राच्या बचावासाठी मुक्काम ठोकून होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

वासुदेवराव बापट हे संस्थानच्या सेटलमेंट खात्यातील अधिकारी. लाचलुचपतीच्या आरोपावरून कमिशनपुढे त्यांची चौकशी सुरू झाली, तेव्हा टिळकांनी पुण्यातील कामे बाजूस सारून बचावाच्या कामास स्वतःला जुंपून घेतले. १८७९ साली एल्‌एल्. बी. झालेल्या या गृहस्थाने वकिलीचा धंदा कधी केला नाही. कायद्याचा वर्ग चालवून त्यांनी इतरांना वकील केले. स्वतःची विद्या मात्र अडलेल्या स्नेह्यासाठी राखून ठेवली. मृत मित्र बाबामहाराज यांच्या इस्टेटीचे विश्वस्त म्हणून अंगावर आलेला ताईमहाराज खटलाही ते १९१५ पर्यंत, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल हाती येईतो, लढले.

एवढी चिकाटी आली कोठून? तिचे मूळ तालमीत सापडते. डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा टिळकांची प्रकृती अगदी किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी चक्क व्यायामास वाहिले. कुस्ती, पोहणे आणि नाव वल्हवणे यांत ते रमले. परीक्षा मागे पडली, पण शरीर कमावले गेले. ती कमाई १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात कामास आली. बावन्नाव्या वर्षी, मधुमेह जडलेला असताना, त्यांनी आपला बचाव आपणच केला आणि ज्यूरीपुढे एकंदर २१ तास १० मिनिटे भाषण केले!

या कणखर पुरुषाच्या अंतःकरणात एक वत्सल गृहस्थ नांदत होता. १९०३ साली वडील मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. पुढे मंडालेच्या तुरुंगातून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांत मुलांच्या शिक्षणाची आणि घरच्या व्यवहाराची बारीक चौकशी आढळते. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या, तेव्हाही ते त्याच तुरुंगात होते. ज्या घराची काळजी ते दुरून वाहत होते, त्या घरच्या माउलीचे अंत्यदर्शनही त्यांना घडले नाही.

थोर पुरुषांची आपण पुतळ्यावरून ओळख ठेवतो. परंतु आखाड्यातील माती, मित्रासाठी चाळलेली दप्तरे आणि तुरुंगातून मुलांच्या अभ्यासाची केलेली विचारपूस यांतूनच तो माणूस घडला होता. पुतळ्यास हार घालणे सोपे आहे. अडचणीत सापडलेल्या स्नेह्याच्या पाठीशी उभे राहणे अवघड. आणि ते बळ, श्रोतेहो, ज्याचे त्याने तरुणपणीच कमवावयाचे असते.