सायंकाळचे सात आणि घरातला मोबाईल

(मुलचेरा येथे पालक व शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. कोरोनाकाळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, ही त्यामागची चिंता. सरपंच विजय मोहिते यांनी हा विचार मांडला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. मग गावातील स्त्रियांना एकत्र बोलावण्यात आले. मालिकांपायी आपलाही वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि मार्ग निघाला. ज्या घरात वडील मोबाईल पाहत जेवतात, त्या घरातील मुलाला कोणत्या तोंडाने उपदेश करणार? वडगावने थोरांनाही त्याच नियमात बसवले, हे त्या प्रयोगाचे मर्म.

ही चिंता एकट्या वडगावची नव्हे. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळांत मोबाईल वापरण्यास बंदी घातली. युनेस्कोच्या २०२३च्या शिक्षण अहवालानुसार जगातील चार देशांपैकी एकाहूनही कमी देशांत अशी बंदी होती. मोबाईलमुळे विचलित झालेल्या विद्यार्थ्याचे लक्ष पुन्हा अभ्यासात लागण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असेही त्यात नोंदवले आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालील मुलांसाठी समाजमाध्यमांची खातीच बंद केली. दरवर्षी फेब्रुवारीत सुरक्षित इंटरनेट दिन पाळला जातो. २००४ साली युरोपात सुरू झालेल्या या उपक्रमात आता भारतासह अनेक देशांतील शाळा भाग घेतात.

मग तिकडचे पाठ भाषांतर करून येथे शिकवले की काम झाले काय?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा येथे आठवते. रणजितसिंह डिसले तेथे २००९ साली शिक्षक म्हणून गेले तेव्हा शाळेची इमारत पडकी होती, शेजारी गोठा होता. याच शिक्षकाने पुढे भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलते केले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. (या दातृत्वाची चर्चा जितकी झाली, तितकी त्यांच्या अध्यापनपद्धतीची झाली नाही.) परितेवाडी त्या संवादात बरोबरीच्या नात्याने बसली होती.

मुलचेरा तालुक्यालाही तसेच बसता येईल, कारण येथील अनुभव वेगळा आहे. येथे गोंडी-माडिया बोलणारी घरे आहेत, पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत. मराठी आणि तेलुगूही कानावर पडते. अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि त्यावरचा मजकूर वाचता येणारी व्यक्ती म्हणजे शाळेत जाणारे मूल. बँकेचा निरोप, अनुदानाची सूचना, ओटीपी, सारे तेच वाचून दाखवते. पालकांनी मोबाईलला कुलूप लावावे, असे परदेशी पाठ सांगतात. येथे ते कुलूप लावण्यासाठी पालकाला मुलाचीच मदत घ्यावी लागते! ज्याच्या हाती घराचा व्यवहार, त्याला वडीलधाऱ्यांनी ‘पुरे’ म्हणायचे कसे? घरातील ज्येष्ठतेचा क्रमच येथे उलटा होतो. संसाराचा हा भार दहा-बारा वर्षांच्या मुलावर का पडावा, हेही विचारले पाहिजे.

परदेशातील एखाद्या शाळेशी मैत्री जुळली, तर येथील मुलांनी हाच अनुभव आपल्या बोलीत सांगावा आणि शिक्षकांनी तो पुढे पोहोचवावा. स्थलांतरितांच्या वस्तीतील तिकडच्या शिक्षकांनाही तो ओळखीचा वाटेल, कारण तेथेही देशाची भाषा आईबापांआधी मूल शिकते. त्यांनी काय उपाय केले, ते विचारावे. दरम्यान, आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेने पालकांसाठी राखावी. निरोप कसा वाचावा, ओटीपी कोणाला सांगू नये, कर्जाचे आमिष कसे ओळखावे, एवढे आईला आले तरी मुलाच्या हातातून मोबाईल मागून घेणे तिला सोपे जाईल.

भोंगा कोणत्या गावात आणि किती वाजता, हे नंतर ठरवता येईल. त्याआधी महिलांची ग्रामसभा बोलवावी लागेल. वडगावात पुरुष हसले होते, हे ध्यानात ठेवून.