फुप्फुसाचा कर्करोग आणि पेशींतील खुणा



भंडारा जिल्हा म्हटला की धान, तलाव, तेंदूपान आणि बिडी या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. बिडीने आपल्याकडील कितीतरी घरांची चूल पेटविली, हे खरे. पण तिच्या धुराने कितीतरी घरांतील कर्ता माणूस नेला, हेही तितकेच खरे. म्हणून या रोगाविषयी विज्ञान काय सांगते, ते थोडक्यात मांडतो.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखीच जनुके असतात. मग डोळ्याची पेशी वेगळी आणि फुप्फुसाची वेगळी का? कारण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच जनुके वापरते. जनुकातील मजकुराची नक्कल आरएनएच्या रूपाने निघते व तिच्यावरून प्रथिन बनते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कर्करोगात हा हिशेब बिघडतो. धुरातील बेंझोपायरीनपासून बनणारे द्रव्य पी-५३ या रखवालदार जनुकाच्या नेमक्या नाजूक जागी चिकटते, हे १९९६ साली दाखविण्यात आले.

हा बिघाड खुणांवरून ओळखता येतो. गाठीच्या तुकड्यात केआय-६७ हे प्रथिन पुष्कळ पेशींत आढळले, तर पेशी भराभर वाढत आहेत असे समजावे. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन कमी झाले, तर त्या सुटून मेंदू, हाडे, यकृत येथे पसरण्याचा धोका वाढतो. अर्थात एकाच खुणेवरून निकाल देता येत नाही.

काही खुणा थेट औषध सुचवितात. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील संशोधकांनी २०१३ साली फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाच्या ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआर जनुकात बदल आढळला. धूम्रपान न करणाऱ्यांत तो अधिक होता. अशा रुग्णांना जेफिटिनिबची गोळी लागू पडते. तेथीलच ३५० रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली आले. नुसत्या गोळीने रोग साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तर गोळीसोबत केमोथेरपी दिल्यावर १६ महिने.

परंतु बंधूंनो, तुकडाच तपासला नाही तर ही विद्या काय कामाची? आपल्याकडे जुना खोकला म्हणजे क्षय, असे धरून चालण्याची सवय आहे. क्षयाची तपासणी अवश्य करावी. मात्र थुंकीत जंतू सापडत नसतील, औषधाने उतार पडत नसेल, थुंकीतून रक्त येत असेल, वजन घटत असेल, तर महिनोन्महिने वाट पाहू नये. सीटी स्कॅन व तुकड्याच्या तपासणीविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आपल्याला दूर नाही. बिडी न ओढणाऱ्या आई-बहिणींनाही हा रोग होतो. चुलीचा धूर त्यांच्याही छातीत जातो. त्यांचा खोकला अंगावर काढू देऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, जीवशास्त्र केवळ गुणांसाठी वाचू नका. वस्तीतील एखाद्या आजोबांचा तपासणी अहवाल वाचून त्यांना समजावून सांगता आला, तरी तुमचे शिक्षण सार्थकी लागले. आणि घरातील बिडी आजच विझवा; याहून स्वस्त औषध नाही.