सभागृहाचा उतार
(नागापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या नियोजित सभागृहाविषयी दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी इमारतशास्त्राचा जाणकार नव्हे. आयुष्य खडू-फळ्यात गेले. तथापि गेल्या वर्षीच्या स्मरणिकेतील एक छायाचित्र मला स्वस्थ बसू देत नाही. गुणगौरव समारंभाचे ते छायाचित्र आपण घरोघरी पाहिले असेलच. व्यासपीठावर विद्यार्थ्यांची रांग उभी आहे. शालान्त परीक्षेत जिचे गुण सर्वांहून अधिक होते, ती मुलगी मात्र त्या रांगेत नाही. ती कुबड्यांवर चालते. भाड्याने घेतलेल्या त्या कार्यालयाच्या व्यासपीठास पाच उंच पायऱ्या होत्या. अध्यक्ष स्वतः उतरले आणि त्यांनी तिला खालीच पारितोषिक दिले. हेतू प्रेमाचाच होता; पण छायाचित्रकार वरच्या रांगेकडे तोंड करून उभा होता.

आता सभागृह आपले स्वतःचे होणार. त्याचा नकाशा मी पाहिला. जोते ३ फूट उंच, दर्शनी बाजूस पायऱ्या, आणि कोपऱ्यात ‘उतार’ असे लिहिलेली एक पट्टी. फूटपट्टीने मोजली, तो लांबी भरली १२ फूट. म्हणजे चारास एक. शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हा उतार बारास एकाहून तीव्र असू नये. साधे त्रैराशिक मांडले तरी ३६ फूट लांबी येते. शिवाय ९ मीटरांवर एक सपाट विसावा आणि दोन्ही बाजूंस कठडे. चारास एक अशा चढावर चाकांची खुर्ची एकट्याने वर नेता येत नाही, आणि उतरताना ती आवरत नाही. व्यासपीठाच्या बाजूस तर नकाशात उतार मुळीच नाही.

नकाशा काढणारे वास्तुविशारद माझेच जुने विद्यार्थी. गुणी आणि सरळ मनाचे. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, महाविद्यालयात या विषयावर एकच व्याख्यान झाले, आणि तेही परीक्षेस नव्हते. पुढे कोणी घरमालकाने विचारलेच नाही.” या उत्तराचा मला राग आला नाही. ‘कोणी विचारलेच नाही’ यात आपणही आलो.

कायदा मात्र गप्प बसलेला नाही. पहिला कायदा १९९५ साली झाला आणि २०१६ साली त्याच्या जागी अधिक व्यापक असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्याचे ४४ वे कलम सांगते की, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्यास परवानगी देऊ नये. ४७ व्या कलमात डॉक्टर, शिक्षक, अभियंते आणि वास्तुविशारद यांच्या शिक्षणात दिव्यांगत्व हा घटक असावा असे म्हटले आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या ओघात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने ठरविले की, निव्वळ शिफारशीवजा सूचना पुरेशा नाहीत. सक्तीचे निकष वेगळे काढून केंद्र सरकारने तीन महिन्यांत नियम करावेत. १९ वर्षांनी हा निर्णय आला, हे ध्यानात घ्यावे.

परंतु कलमाने शिकतात ती पुढची मुले. ज्यांनी १९८५ किंवा १९९० साली पदवी घेतली आणि जे आज आपली घरे, शाळा, मंगल कार्यालये बांधीत आहेत, त्यांचे काय? महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवण्यासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. आम्हा शिक्षकांनाही १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर प्रशिक्षणास बसावे लागे. त्या वर्गांत चहापानच अधिक झाले असे कोणी म्हणेल, व ते सर्वस्वी खोटे नाही. तरीही मूल चुकते ते का चुकते, हे मी एका उजळणी वर्गातच चाळिशी उलटल्यावर शिकलो. तेव्हा आपल्या समाजातील जे तरुण वास्तुविशारद आणि अभियंते आहेत, त्यांच्यासाठी मंडळाने असा एक वर्ग भरवावा अशी माझी सूचना आहे. त्यात व्याख्याने थोडी असावीत. प्रत्येकाने तासभर चाकांच्या खुर्चीत बसून स्वतः बांधलेल्या इमारतीत शिरावे, तिचे स्वच्छतागृह वापरून पाहावे, डोळ्यांस पट्टी बांधून जिना शोधावा. खुर्ची जागच्या जागी वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, हे पुस्तकात वाचून विसरते. भिंतीवर गुडघा आपटला की विसरत नाही. शिकविणारे मात्र स्वतः दिव्यांग असावेत. आपल्या नगरमध्ये दिव्यांगांसाठी झटणारी अनामप्रेम ही संस्था आहे. तिला विनंती करता येईल.

बांधकाम समितीतील एका स्नेह्यांनी मला विचारले, “असे लोक येतात किती?” २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. ते आपल्या मेळाव्यात दिसत नाहीत, कारण पायऱ्या त्यांना घरीच बसवितात. आणि म्हातारपणी गुडघे कोणाचे राहतात? लग्नात आजीला खुर्चीसकट चौघांनी उचलून आणताना आपण पाहतो, आणि त्या माऊलीचा संकोचलेला चेहराही पाहतो. येथून हाकेच्या अंतरावर औद्योगिक वसाहत आहे. तेथे मालाची हातगाडी आत जावी म्हणून दाराशी उतार ठेवण्यास कोणी विसरत नाही.

खरी अडचण पैशाची आहे, ती झाकून ठेवीत नाही. ३६ फुटांचा उतार पूर्वेच्या बाजूने घेतला तर भाड्याने द्यावयाच्या गाळ्यांपैकी एक गाळा जातो. जोते दीड फुटावर आणले तर १८ फुटांत काम भागते. पण पावसाचे पाणी कोठे काढावयाचे हे वास्तुविशारदांनी पाहिले पाहिजे. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. मात्र तो न जमल्यास गाळा सोडावा. तो गाळा मागणाऱ्यांत माझे धाकटे चिरंजीव आहेत. घरी यावर बोलणे झाले आहे. त्याचा वृत्तान्त येथे देत नाही.

पायाखोदाई अद्याप व्हावयाची आहे. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता जागेवर फक्कीने दोन्ही उतार आखून पाहणार आहोत. वास्तुविशारद येत आहेत. छायाचित्रात न आलेली आपली ती मुलगीही वडिलांसह येणार आहे. कोठला उतार तिला सोयीचा, हे तीच सांगेल.