निदानाची मजुरी



आपल्या छत्रपती संभाजीनगरात ट्रक, टेम्पो, स्कूलबस किंवा डिझेलची मोटार चालवणाऱ्या अनेकांना एक पिवळा दिवा आता चांगलाच ओळखीचा झाला आहे. डॅशबोर्डवर इंजिनचे चित्र उजळते. काही दिवसांनी गाडी ओढेनाशी होते आणि सेव्हन हिल्सच्या उड्डाणपुलावर भरलेला टेम्पो रेंगाळू लागतो. मालक गॅरेज गाठतो. स्कॅनर लावला जातो, पडद्यावर एक कोड येतो आणि त्या कोडात ज्या भागाचे नाव असेल तो भाग बदलला जातो. मोठे बिल चुकते होते. पंधरा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. हे का घडते आणि कसे टाळता येईल, याविषयी आज बोलायचे आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ ची मानके लागू झाली. बीएस-५ चा टप्पा आपण गाळला आणि बीएस-४ वरून थेट सहावर आलो. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांमागे ५० वरून १० भागांवर आली. अवजड वाहनांच्या इंजिनांना पूर्वी दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘नॉक्स’, सोडायची मुभा होती. ती अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. एवढी मोठी घट एकट्या इंजिनाला जमणारी नव्हती. म्हणून धूर बाहेर पडण्याआधी त्याला साफ करणारी एक यंत्रणाच गाडीखाली बसवावी लागली.

तिचे भाग थोडक्यात सांगतो. ईजीआर व्हॉल्व्ह थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवतो, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नॉक्स कमी तयार होतो. पुढे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट अर्धवट जळलेले वायू जाळतो. त्यानंतर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. मोठ्या गाड्यांत त्याच्यापुढे एससीआर असते. तिथे धुरात डीईएफचा, ज्याला ड्रायव्हर मंडळी ‘युरिया’ म्हणतात त्याचा, फवारा मारला जातो. उष्णतेने त्यातून अमोनिया तयार होतो आणि नॉक्सचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्यात होते. या सगळ्यावर तापमानाचे, दाबाचे आणि नॉक्सचे सेन्सर पहारा देतात. दिवा लावतो तो इंजिनाचा संगणक, या सेन्सरांच्या आकड्यांवरून.

समजा, स्कॅनरवर पी२०ईई हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच, की एससीआरमधून नॉक्स अपेक्षेइतका कमी होत नाही. कॅटॅलिस्ट खराब झाला आहे असे हा कोड सांगत नाही. डीईएफमध्ये पाणी जास्त असेल, फवाऱ्याच्या नोझलवर युरियाचे पांढरे खडे साचले असतील, धुराच्या पाइपचा क्लॅम्प सैल होऊन बाहेरची हवा आत येत असेल, ईजीआर अडकून इंजिनातच नॉक्स जास्त तयार होत असेल, किंवा नॉक्सचा सेन्सरच चुकीचा आकडा देत असेल. एवढी कारणे आणि कोड एकच. यातली काही कारणे पाना आणि पुसणीने मिटतात, काहींना फार मोठा खर्च येतो. कोणते कारण खरे, हे स्कॅनर सांगत नाही. ते माणसाला शोधावे लागते.

डीपीएफचेही असेच आहे. ज्या शेतकरी श्रोत्यांकडे ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. ठिबकच्या फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक प्रेशर गेज असतो. दोहोंतला फरक वाढला की फिल्टर तुंबला असे आपण समजतो आणि तो धुऊन काढतो. डीपीएफवर हेच काम दोन बारीक नळ्या लावलेला एक दाबाचा सेन्सर करतो. आता नळीच फुटली किंवा काजळीने बुजली, तर फिल्टर मोकळा असूनही आकडा खोटा येणार. आणि धुतलेला फिल्टर चार दिवसांत पुन्हा भरला, तर शहाणा शेतकरी फिल्टर बदलत नाही, विहिरीकडे बघायला जातो. गाडीची ‘विहीर’ म्हणजे इंजिन. इंजेक्टर गळतो का, टर्बोचा होज फाटला आहे का, हवेचा फिल्टर चोंदला आहे का, ते आधी पाहायला हवे. नाहीतर नवा डीपीएफही जुन्याच्याच वाटेने जाईल.

काही वेळा दोष कुठल्याच भागात नसतो, तो गाडीच्या दिनक्रमात असतो. डीपीएफमधली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. समृद्धी महामार्गावर सलग धावणाऱ्या ट्रकला ते सहज मिळते. पण वाळूज ते चिकलठाणा अशा, सिग्नलला थांबत जाणाऱ्या टेम्पोचे, किंवा गल्लीगल्लीत दारासमोर उभ्या राहणाऱ्या स्कूलबसचे सायलेन्सर पुरेसे तापतच नाही. काजळी जळायला सुरुवात होते आणि ड्रायव्हर चावी बंद करतो. असे वारंवार झाले की अनेक गाड्यांत काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालेले असते आणि बेअरिंगांना मारक ठरते. म्हणून चांगला मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरशी बोलतो. गाडी रोज कुठे जाते, किती थांबते, दिवा कधी लागला, आधी काय दुरुस्त केले होते, हे विचारतो.

त्यानंतर डोळ्यांचे काम. जोडांवर काळे डाग आहेत का, नोझलभोवती पांढरे खडे आहेत का, उंदराने वायर कुरतडली आहे का, कनेक्टरमध्ये पाणी आहे का. मग मोजमाप. डीईएफमध्ये युरिया ३२.५ टक्के असावा लागतो, बाकी शुद्ध केलेले पाणी. हे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर एका थेंबात कळते. फवारा बाहेर काढून मापाच्या नळीत धरला की ठरल्याइतका द्रव पडतो का तेही कळते. मग गाडी चालवून, सायलेन्सर तापल्यावर, एससीआरच्या आधीचा आणि नंतरचा नॉक्स पाहायचा. थंड गाडीवर हे आकडे बघून निर्णय घेऊ नये, कारण ते सेन्सर तापल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. एवढे सगळे झाल्यावरच नव्या भागाची गोष्ट काढायची.

युरियाबद्दल एक कळकळीची विनंती. काही जण पैसे वाचवण्यासाठी शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओततात. २०१५ पासून आपल्याकडे शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा थर दिलेला असतो. पिकाला तो उत्तम, कॅटॅलिस्टला तो विष. त्यातले तेल, धातूंचे अंश आणि बाययुरेट हा घटक नोझल बुजवतात आणि कॅटॅलिस्ट निकामी करतात. रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रमाण दाखवतो, अशुद्धी दाखवत नाही. त्यामुळे प्रमाण बरोबर येऊनही घात होऊ शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. ‘डीपीएफ कापून टाकू, ईजीआर बंद करू, सॉफ्टवेअर बदलून देऊ, पुन्हा दिवा लागणार नाही’ असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो ऐकू नका. असा बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठा प्रश्न श्वासाचा आहे. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. आपले शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, ते इथली हवा मानकांत बसत नाही म्हणून. कापलेल्या गाळणीची काजळी सर्वांत आधी जाते ती गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांच्या छातीत.

कोणी म्हणेल, पीयूसी आहे ना! डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजला जातो. नॉक्स मोजला जात नाही आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. एससीआर पूर्ण बंद असलेली गाडीही पीयूसीत उत्तीर्ण होऊ शकते. प्रत्यक्ष रस्त्यावर मोजण्याचे महत्त्व जगाला २०१५ मध्ये पटले. फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण सोडणाऱ्या निघाल्या, आणि त्याचा माग लागला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धावत्या गाडीवर उपकरणे बसवून मोजले म्हणून. त्या गाड्यांत कोणताच दिवा लागत नव्हता. भारतातही या समूहाने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच समूहाच्या स्कोडा आणि ऑडीच्या अनेक मॉडेलांची जुळणी आपल्या शेंद्र्यात होत आली आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला दूरची नाही.

श्रोतेहो, मग चांगले निदान होत का नाही? माझ्या मते याचे उत्तर आपल्या बिलात आहे. बिलात भागाची किंमत असते, भाग बसवण्याची मजुरी असते. कारण शोधायला गेलेल्या दोन-तीन तासांची ओळ त्यात नसते. एखाद्या मेकॅनिकने अर्धा दिवस खपून सैल क्लॅम्प शोधला आणि कसून दिला, तर आपण म्हणतो, ‘काय केले, नट तर आवळला!’ आणि हातावर किरकोळ पैसे ठेवतो. भाग बदलणाऱ्याला मात्र हजारो देतो. मग तोही भागच बदलायला शिकतो. यात दोष एकट्या त्याचा नाही.

वाहन उद्योगाने वाढवलेले हे शहर आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत कुशल हातांची कमतरता नाही. तीच कुशलता रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये यावी यासाठी आयटीआयमध्ये मल्टिमीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि सेन्सरांचे आकडे वाचण्याचा सराव भरपूर व्हायला हवा. गॅरेजवाल्यांनी प्रत्येक गाडीचे मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवावेत. आणि गाडीमालकांनी दोन गोष्टी कराव्यात. भाग बदलण्याआधी विचारा, ‘हाच खराब आहे हे कशावरून ठरवले? आकडा दाखवा.’ आणि ज्याने तो आकडा शोधून दाखवला, त्याला त्या शोधण्याची मजुरी मनापासून द्या. भागाच्या किमतीपुढे ती रक्कम थोडीच असेल, पण तिच्यातूनच या शहरात चांगले मेकॅनिक तयार होतील.