डोकं दुखतंय, गोळी दे

बायकोला सातवा महिना होता. रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं. मी ऑफिसच्या बॅगेतली आयबुप्रोफेन काढून दिली. अम्मी कपाळाला बाम चोळत होती. बायको म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचार."

फोनवर डॉक्टर म्हणाल्या, ती गोळी अजिबात नको. २० आठवड्यांनंतर तिनं बाळाच्या किडनीला त्रास होऊ शकतो, गर्भजल कमी होऊ शकतं. मग विचारलं, डोळ्यांपुढे अंधारी येते? चेहऱ्यावर सूज? बीपी किती?

मी गप्प. बीपीचा तर विचारच आला नव्हता.

दवाखान्यात मोजलं, १५०/१००. गरोदरपणात १४०/९० सुद्धा जास्तच. दोन दिवस ठेवून घेतलं. सर्व्हरच्या अलर्टला मी रात्री तीनला उठतो. बीपीचं मशीन घरात आलं ते त्यानंतर.