पडदा आणि खातेवही

तालुक्याच्या गांवीं राहणारे एक निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षें त्यांनीं मुलांना गणित शिकविलें. हिशेबांत पैची चूक झालेली त्यांना खपत नसे. पत्नीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांना पुण्यास जावयाचें होतें; म्हणून एके रात्रीं त्यांनीं फोनवर बसचीं दोन तिकिटें काढावयास घेतलीं. नांवें भरलीं, जागा निवडल्या, आणि ‘रक्कम भरा’ हें बटण दाबलें. पडद्यावर एक चक्र फिरूं लागलें. एक मिनिट झालें, दोन मिनिटें झालीं, चक्र आपलें फिरतेंच आहे! गुरुजींनीं पुन्हां बटण दाबलें. सकाळीं पाहतात तों तिकिटें दोनच, पण पैसे मात्र दोनदां गेलेले. “वय झालें, आतां हातून असेंच व्हावयाचें,” असें म्हणून त्यांनीं फोन बाजूला ठेवला, आणि त्या दिवसापासून अशीं सारीं कामें ते चौकांतल्या दुकानदाराकडून पैसे देऊन करवून घेऊं लागले.

या प्रसंगांत गुरुजींचें चुकलें काय? गणित चुकलें नाहीं, आणि वयाचा तर येथें कांहीं संबंधच नाहीं. ज्या वस्तूला त्यांनीं हात लावला तिचें काम कोठें चालतें, एवढेंच त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. पडद्यावर दिसणारें तिकिटाचें पान म्हणजेच तिकिटाची कचेरी, अशी त्यांची समजूत होती. अशा पानाला जाणते लोक ‘वेब ॲप्लिकेशन’ म्हणतात. तें फोनवर निराळें बसवावें लागत नाहीं. ब्राउझर नांवाच्या खिडकींत पत्ता लिहिला कीं तें येतें, आणि केवळ वाचण्यापुरतें न राहतां काम करूं लागतें. रेल्वेचें तिकीट, सात-बाराचा उतारा, बँकेचें खातें, मुलाचा प्रवेशअर्ज, हीं सारीं कामें आज अशा पानांतून होतात. ज्याला त्याचें मर्म कळलें नाहीं, तो स्वतःच्याच कामासाठीं परक्याच्या दारांत उभा राहतो. म्हणून तें समजून घेणें ही आतां कांहीं केवळ हौस उरलेली नाहीं.

या गोष्टीचा आरंभ मोठा साधा आहे. स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हा शहराजवळ सर्न ही अणुसंशोधन करणारी संस्था आहे. तेथें काम करणारे टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनीं १९८९ सालीं एक टिपण लिहून अधिकाऱ्यांपुढें ठेवलें. निरनिराळ्या यंत्रांत विखुरलेली माहिती एकमेकींस जोडतां यावी, एवढाच त्यांचा हेतु होता. १९९१ सालीं ही योजना संस्थेबाहेरच्या लोकांस खुली झाली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ती सर्व जगास विनामूल्य देऊन टाकली. त्या वेळचें वेबचें पान म्हणजे ग्रंथालयांतील पुस्तकासारखें होतें. चिठ्ठी द्यावी, ग्रंथपालानें पुस्तक काढून द्यावें. तें वाचून पुन्हां दुसरी चिठ्ठी द्यावी. वाचकानें पानावर कांहीं लिहावें आणि पानानें त्यास उत्तर द्यावें, ही सोय आरंभीं नव्हती.

पुढें पानावर रिकामे रकाने आले. नांव, गांव, पत्ता भरून पान दूरच्या कचेरींत धाडतां येऊं लागलें. ही दूरची कचेरी म्हणजेच ‘सर्व्हर’. सर्व्हर हा संगणकच. पण तो इतरांच्या मागण्या ऐकण्यासाठीं अहोरात्र जागा असतो. मात्र या व्यवहारांत एक गैरसोय होती. पिनकोडाचा एखादा आंकडा राहिला कीं सबंध अर्ज कचेरीपर्यंत जाई, तेथून “चूक आहे” असा शेरा घेऊन परत येई, आणि पान पुन्हां पहिल्यापासून पडद्यावर उमटे.

१९९५ सालीं यावर तोड निघाली. नेटस्केप या अमेरिकन कंपनींत काम करणाऱ्या ब्रेंडन आइक यांनीं मे महिन्यांत अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला आराखडा तयार केला. तिचेंच नांव पुढें ‘जावास्क्रिप्ट’ असें पडलें. या भाषेंत लिहिलेल्या सूचना पानाबरोबरच येतात, आणि पाहणाऱ्याच्या यंत्रांतच अमलांत येतात. जणूं कांहीं कचेरीनें कोऱ्या अर्जासोबत एक कारकूनहि घरीं धाडून दिला! आतां पिनकोडाचे सहा आंकडे भरले आहेत कीं नाहींत, दोन तिकिटांची बेरीज किती होते, असल्या गोष्टी हा कारकून घरच्या मेजावरच पाहतो. त्यासाठीं कचेरीला विचारावें लागत नाहीं.

तरी एक उणीव राहिलीच. कचेरीला कांहीं विचारावयाचें म्हटलें कीं सारें पान नव्यानें यावयाचें. १९९९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या ब्राउझरमध्यें एक नवी युक्ति घातली. पान जागच्या जागीं असतांनाच कारकुनानें मागच्या दारानें एक लहानशी चिठ्ठी कचेरीकडे धाडावी, उत्तर येईल तेवढेंच योग्य जागीं चिकटवावें, आणि समोरच्या माणसाशीं चाललेलें बोलणें मुळींच थांबवूं नये, अशी ती युक्ति होती. तिचें सामर्थ्य सामान्य माणसाला खरें दिसलें तें २००४ सालच्या जीमेलमध्यें आणि २००५ च्या फेब्रुवारींत निघालेल्या गूगलच्या नकाशांत. त्याच महिन्यांत जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकन रचनाकारानें या पद्धतीला ‘एजॅक्स’ असें नांव दिलें.

नकाशाचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. बोटानें तो ओढला कीं जमीन सरकते, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं सबंध पृथ्वी आपल्या फोनांत भरून ठेवली आहे. वस्तुतः फोनांत असतात ते थोडेसे चौकोनी तुकडे. मूळच्या रचनेंत असा एकेक तुकडा २५६ ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच असे. अगदीं दूरून पाहिलें तर सारें जग एका तुकड्यांत मावतें. एक पायरी जवळ गेलें कीं त्याचे चार होतात, आणखी एक पायरी गेलें कीं सोळा. पाहणारा सातारा पाहत असेल तर साताऱ्याचे आणि आसपासचे तुकडे तेवढे आणविले जातात. बोट कराडकडे वळलें कीं कारकुनाची चिठ्ठी कराडच्या तुकड्यांसाठीं जाते. ओढतां ओढतां मध्येंच करडे चौकोन दिसतात ते याचमुळें. चिठ्ठी गेलेली असते, तुकडा वाटेंत असतो.

सारांश, वेब ॲप्लिकेशनमध्यें तीन गोष्टी असतात. डोळ्यांपुढचें पान, पानाबरोबर आलेला कारकून, आणि दूरच्या कचेरींतील खातेवही. पहिल्या दोन गोष्टी आपल्या घरांत असतात, तिसरी नसते. आणि खरा व्यवहार होतो तो तिसरींतच. पडदा म्हणजे खातेवही नव्हे, एवढें एक वाक्य मनांत ठसलें कीं पुष्कळ कोडीं आपोआप सुटतात.

भारतीय रेल्वेच्या आयआरसीटीसी या संस्थेनें २००२ सालीं इंटरनेटवरून तिकिटें देण्यास प्रारंभ केला. समजा, नागपूरचा एक प्रवासी आणि कोल्हापूरचा एक प्रवासी, दोघेहि एकाच वेळीं आपापल्या पडद्यावर एकच शेवटची जागा शिल्लक असल्याचें पाहत आहेत. दोघांचेहि पडदे खोटे नाहींत. पण पडदा जें सांगतो तें खातेवहींतील कांहीं क्षणांपूर्वीचें. ज्याची चिठ्ठी आधीं पोंचेल त्याचें नांव वहींत चढेल, आणि दुसऱ्यास “जागा संपली” असें उत्तर येईल. दुसऱ्याला वाटतें, आपणांस फसविलें. परंतु पानानें दाखविलेली जागा हें कांहीं वचन नव्हतें. ती केवळ बातमी होती, आणि बातमी शिळी होऊं शकते.

आतां गुरुजींच्या त्या फिरत्या चक्राकडे वळूं या. तें चक्र फिरवितो घरचा कारकून. त्याचा अर्थ एवढाच कीं, “चिठ्ठी धाडली आहे, उत्तर आलेलें नाहीं.” उत्तर न येण्याचीं कारणें तीन असूं शकतात. चिठ्ठी कचेरीपर्यंत पोंचलीच नसेल. पोंचली असून काम अद्यापि चालू असेल. किंवा काम पुरें होऊन पैसेहि जमा झाले असतील, पण परतीचें उत्तर वाटेंत हरवलें असेल. घरीं बसलेल्यास हीं तिन्ही कारणें अगदीं सारखींच दिसतात. कारकुनालाहि त्यांतला भेद कळत नाहीं. अशा वेळीं पुन्हां बटण दाबणें म्हणजे, मनीऑर्डरीची पोंच आली नाहीं म्हणून दुसरी मनीऑर्डर करणें होय. खरा उपाय एकच: थोडें थांबावें, बँकेचा संदेश पाहावा, आणि त्या कचेरीच्या पानावर ‘माझीं तिकिटें’ असा जो भाग असतो तो उघडून पाहावा. म्हणजे पडद्याला न विचारतां खातेवहीला विचारावें.

मात्र सारा भार माणसावर टाकणें न्यायाचें नाहीं. चांगला रचनाकार प्रत्येक व्यवहारास आरंभींच एक क्रमांक देतो. त्याच क्रमांकाची दुसरी चिठ्ठी आली तर कचेरी म्हणते, “हें काम पूर्वींच झालें आहे,” आणि पैसे पुन्हां घेत नाहीं. गुरुजींच्या बाबतींत ही काळजी कोणीं घेतलेली नव्हती. तेव्हां चूक त्यांच्या बोटाची थोडी, आणि पान रचणाऱ्याची अधिक.

दुसरें कोडें ओळखीचें. ही दूरची कचेरी स्वभावानें विसराळू आहे. दर चिठ्ठीला ती नव्या माणसाची चिठ्ठी समजते. मग बँकेचें पान आपणांस पानोपानीं कसें ओळखतें? पूर्वीं बँकेंत पैसे काढावयास गेलें कीं कारकून पितळेचा एक बिल्ला हातीं देई. तो दाखविला कीं रोकड मिळे. लू मॉन्टुली यांनीं १९९४ सालीं नेटस्केपमध्यें अशाच बिल्ल्याची सोय केली. तिला ‘कुकी’ म्हणतात. परवलीचा शब्द एकदां पटला कीं कचेरी बिल्ला देते, आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत ब्राउझर तो दाखवितो. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर काम केलें तर ‘लॉग आउट’ हें बटण दाबूनच उठावें. तें बटण म्हणजे बिल्ला परत करणें. नुसती खिडकी बंद करणें म्हणजे बिल्ला मेजावर विसरून येणें.

तिसरी गोष्ट दुकानदारांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पान आणि कारकून हे पाहणाऱ्याच्या यंत्रांत असतात. म्हणून ज्याला थोडी विद्या अवगत आहे तो आपल्या पडद्यावरचीं अक्षरें वाटेल तशीं बदलूं शकतो. पन्नासाचे पांचशें करणें त्यास अवघड नाहीं. त्यामुळें खातेवहीवर तिळमात्र परिणाम होत नाहीं. परंतु समोरच्यास फसवितां येतें. गिऱ्हाइकानें “पैसे दिले, हें पाहा” म्हणून आपला पडदा पुढें केला, तर दुकानदारानें स्वतःच्या खात्यांत रक्कम आली कीं नाहीं तेंच पाहावें.

आणि शेवटीं पत्ता. हुबेहूब बँकेसारखें पान कोणीहि रंगवूं शकतो. पत्ता मात्र त्याला चोरतां येत नाहीं. पत्त्यांत पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपूर्वीं जें नांव येतें त्याचें शेपूट वाचावें. भारतांतील सरकारी कचेऱ्यांचीं नांवें बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनीं संपतात. तीं अक्षरें मध्यें असून शेवटीं भलतेंच कांहीं असेल तर तें घर सरकारचें नव्हे. कांहीं ब्राउझर पत्त्यापाशीं कुलुपाचें चित्र दाखवितात. त्याचा अर्थ इतकाच कीं, पत्र मोहोरबंद जात आहे, वाटेंत कोणी वाचणार नाहीं. घेणारा प्रामाणिक आहे, असें तें कुलूप सांगत नाहीं.

हें सारें गुरुजींना समजावून सांगितलें तें त्यांच्या नातीनें, दिवाळीच्या सुटींत.

“म्हणजे माझा फोन ही नुसती खिडकी?” त्यांनीं विचारलें.

“खिडकीच, आजोबा, पण तिच्यांत एक कारकून बसलेला. तो हुशार आहे, चटपटीत आहे. पण वही त्याच्यापाशीं नाहीं. तुम्हीच शिकवायचा ना, उत्तर आलें तरी ताळा करून पाहावा म्हणून? हा तसाच ताळा.”

गुरुजी कांहीं बोलले नाहींत. डिसेंबरांत डोळ्याच्या फेरतपासणीसाठीं पुन्हां पुण्यास जावयाचें होतें. त्यांनीं फोन हातीं घेतला. नांवें भरलीं, जागा निवडल्या, बटण दाबलें. चक्र फिरूं लागलें, आणि फिरतच राहिलें. शेजारीं पत्नी बसल्या होत्या. “पुन्हां दाबा कीं,” त्या म्हणाल्या. गुरुजींनीं फोन पालथा ठेवला, पाणी प्याले, मग बँकेचा संदेश उघडून पाहिला. पैसे गेले होते. ‘माझीं तिकिटें’ उघडून पाहिलें, तों दोन्ही तिकिटें तेथें होतीं. खिडकींत चक्र अजून फिरत होतें. त्यांनीं तें तसेंच फिरूं दिलें आणि खिडकी बंद केली.